मला तन्हा नको

बँकॉक, ५ ऑगस्ट १९९३

प्रिय आत्या,

जयभीम. आधी खाली बस, मग वाच.

मी डोकं भादरून घेतलं आहे. इथल्या रीतीप्रमाणे भुवयासुद्धा. अंगावर चीवर आहे, हातात भिक्षापात्र आहे, आणि सकाळी अनवाणी फिरून जे मिळेल ते दुपारी बाराच्या आत खातो आहे.

आता तू पत्र टाकून शेजारी कस्तुराबाईंकडे रडायला जाशील. जाऊ नकोस, पुढे वाच. हे फक्त तीन महिन्यांपुरतं आहे. इथली बरीच तरुण पोरं पावसाळ्यात भिक्खू होतात आणि वर्षावास संपला की चीवर उतरवून आपापल्या कामाला लागतात. कारकून, मास्तर, रिक्षावाले, सगळे. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. उलट ज्यानं हे केलं नाही त्याला 'दिप' म्हणतात, म्हणजे कच्चा. जो करून आला तो 'सुक', म्हणजे पिकलेला. मुलींचे बाप पिकलेला जावई शोधतात. गंमत म्हणजे सुखालाही इथे 'सुक'च म्हणतात. मी इथे पाली शिकायला आलेला परदेशी, पण आमचे गुरुजी म्हणाले, कच्चा राहून काय शिकणार?

गुरुजींना इथे 'लुआंग पो' म्हणतात, म्हणजे आदरणीय बाबा. त्यांनीच मला प्रबंधाचा विषय दिला: थाई माणसं इच्छेसाठी कोणकोणते शब्द आणि उपमा वापरतात. त्यासाठी मी बाजारात कान लावून हिंडतो. आपल्या पालीतली तण्हा इथे रोजच्या बोलण्यात आहे, उच्चार 'तन्हा'. मुळात तहान, पण इथे अर्थ वासना. एखादी बाई न परवडणाऱ्या कापडापुढे रेंगाळली की मैत्रीण तिला चिडवते, 'किलेत!' म्हणजे आपलाच क्लेश. आपल्याकडे क्लेश म्हणजे झालेला त्रास, इथे हाव हाच क्लेश. दुखणं आणि दुखण्याचं कारण, दोन्हींना एकच नाव देऊन मोकळे झाले.

एक म्हण अशी आहे की, फळ पाडाला लागायच्या आधीच पिकलं म्हणून ओरबाडू नये. लग्नाआधी धीर न धरणाऱ्यांसाठी आहे. ही मला ग्रंथालयातल्या मली नावाच्या मुलीनं समजावून सांगितली. समजावताना ती लाल झाली, मग मीही झालो. भुवया नसल्या की माणसाचं लाल होणं फार दिसतं. भिक्खूनं बाईच्या हातून काही घ्यायचं नसतं, म्हणून ती पुस्तक फडक्यावर ठेवते आणि मी फडकं ओढून घेतो. हे आपलं सहज लिहिलं.

तुझा,
प्रसेनजित


मानवत, २२ ऑगस्ट १९९३

चि. जित्या,

अनेक आशीर्वाद आणि एक रपाटा.

पहिल्या चार ओळी वाचून मी पत्र टाकलं आणि कस्तुराबाईंकडे गेले. जाऊ नकोस असं लिहिलं होतंस, ते नंतर वाचलं. तोवर कस्तुराबाईंनी आपलं काम केलं होतं. संध्याकाळपर्यंत विहाराच्या कमिटीनं तुझा फोटो मोठा करून लावायचं ठरवलं, खाली 'मानवतचे सुपुत्र भन्ते प्रसेनजित'. पेंटर नावसुद्धा विचारून गेला. आता त्यांना काय सांगू? आमचा भन्ते अढीत घातलाय, पिकला की काढू?

तुझी आई गेली तेव्हा तू दोन वर्षांचा होतास. तेव्हापासून बघते, तुला काही लपवायचं असलं की तू 'सहज' म्हणतोस. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. फडक्याचं प्रकरण मी लक्षात ठेवलं आहे.

आता कामाचं. तू भिक्खू झालाच आहेस तर एक प्रश्न सोडव. आमच्या शाळेतल्या सुमनबाई तुला माहीत आहेत. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. (हो, माझ्यासारखीच. योगायोग असतात.) येलदरीच्या वीजघरातले भगवानराव तुपसमुंदरे म्हणून एक ऑपरेटर आहेत, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुली आपापल्या घरी. ते दर रविवारी मानवतच्या विहारात वंदनेला येतात. येलदरीहून जिंतूर, जिंतूरहून परभणी, परभणीहून मानवत. वाटेत किती विहार लागतात ते तूच मोज. येताना धरणाचे मासे आणतात. मासे सगळ्यांना थोडे थोडे देतात आणि मला, म्हणजे सुमनबाईंना, जरा जास्त. कंडक्टर वासावरून भांडतो, पण ऐकत नाहीत.

मागच्या रविवारी ते म्हणाले, ''बाई, मी डिसेंबरात रिटायर होयलोय. धरनाचं पानी बघत एकट्यानं जेवायचा लय कटाळा आलाय. तुमी ईचार करा. घाई न्हाई, पर लय उशीर बी करू नका.''

मी गप्प बसले. सुमनबाई गप्प बसल्या, असं म्हणायचं होतं. खाडाखोडीकडे बघू नकोस, पेन खराब आहे.

सुमनबाईंच्या मनात आहे. पण भीती अशी की, ह्या वयात हे शोभतं का? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बाईनं तृष्णेच्या मागं जावं का? त्या म्हणतात, तुमचा प्रसेनजित शिकलेला, धम्म वाचलेला. तो जे सांगेल ते मी करीन. हो म्हणाला तर हो, नाही म्हणाला तर नाही. तेव्हा नीट विचार करून लिही. बाई तुझ्या पत्राची वाट बघायला लागल्या आहेत.

तुझी,
आत्या


बँकॉक, ८ सप्टेंबर १९९३

प्रिय आत्या,

सुमनबाईंचा प्रश्न मी गंभीरपणे घेतला आहे. माझ्या अभ्यासाच्या दृष्टीनंही तो फार उपयोगी आहे, असं त्यांना सांग.

इथल्या भाषेत इच्छेची एकही उपमा अशी नाही, जिच्यात इच्छा ही चांगली वस्तू असेल. ती तहान आहे, आणि खारं पाणी प्यायल्यानं वाढणारी तहान. ती आग आहे. ती चिकटा आहे: एखादी गोष्ट फार आवडली तर 'मनाला चिकटली' म्हणतात. आणि ती चकवा आहे: रानात वाट चुकली तरी 'लोंग' आणि कोणावर भाळला तरी 'लोंग', एकच शब्द. मनाला इथे 'चाय' म्हणतात. उतावळा माणूस म्हणजे गरम चाय, शहाणा म्हणजे थंड चाय. कोणी घाई करायला लागला की सगळे त्याला सांगतात, चाय थंड ठेव. पाणी पुरत नाही, घर पेटतं, पाय रुततो, वाट चुकते. बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेलं इथे भाजीवालीच्या जिभेवर आहे.

त्या गृहस्थांबद्दल म्हणशील तर इथे म्हण आहे: म्हातारा बैल कोवळं गवत खातो. रिटायर होणाऱ्या माणसानं मन निवांत करायचं, की तीन बस बदलून मासे वाटत फिरायचं? आणि सुमनबाईंना म्हणावं, तहान पिऊन भागत नाही, समजून घेतल्यानं भागते. त्यांनी त्या गृहस्थांना शांतपणे, एका वाक्यात सांगावं: मला तन्हा नको, मी तन्हा सोडायचं ठरवलं आहे. तेही विहारात येणारे आहेत. समजतील.

बाकी ठीक. परवा ग्रंथालयात जाताना वाट चुकलो. रोजचीच वाट आहे, पण चुकलो. सहज सांगितलं.

तुझा,
प्रसेनजित


मानवत, २७ सप्टेंबर १९९३

जित्या,

आशीर्वाद नंतर. आधी तुझ्या वाक्यानं काय केलं ते ऐक.

पत्र मिळालं. मी ते दोनदा वाचलं आणि डब्यात ठेवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण शब्द दिला होता. १९ तारखेला वंदना झाल्यावर विहाराच्या अंगणात, लिंबाखाली, त्यांना एकीकडे बोलावलं आणि तुझं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. शाळेत पाढे म्हणून घेते तसं, त्यांच्याकडे न बघता. ''मला तन्हा नको. मी तन्हा सोडायचं ठरवलं आहे.''

भगवानराव माझ्याकडे बघतच राहिले. मग दोन्ही हात जोडले. रुमालानं डोळे पुसले. ''लय मेहेरबानी, बाई,'' म्हणाले, ''लय मेहेरबानी.'' माशांची अख्खी पिशवी माझ्या हातात दिली आणि बस गाठायला पळाले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस पळाला रे. मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस! नकार असा घेतात! त्या दिवशी मला मासे गोड लागले नाहीत.

काल रविवार. सकाळी विहारात पोचले तर भगवानराव पांढऱ्या कडक कपड्यांत, आणि हातात पेढ्यांचा पुडा. सगळ्यांना वाटत होते. मला बघून कस्तुराबाई ओरडली, ''अगं चांगुणा, आमाला सांगितलं बी न्हाईस!'' कमिटीचे सटवाजी हातात हार घेऊन माझ्यापुढं उभे. मी विचारलं, काय झालं? भगवानराव लाजून म्हणाले, ''आता लपवायचं काय? बाईच म्हनल्या, तन्हा ऱ्हायचं न्हाई.''

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ते निजामाच्या राज्यात जिंतूरला शिकले. चार बुकं उर्दूत. त्यांच्या कानाला तन्हा म्हणजे एकटा. तुमच्या बँकॉकची वासना येलदरीला येईपर्यंत एकटेपण झाली! मी म्हटलं, वासना नको. त्यांनी ऐकलं, एकटं राहायचं नाही. ध चा मा व्हायला एवढ्या लांबून पत्र यावं लागलं.

मी तिथंच खुलासा करायला हवा होता. पण कस्तुराबाईनं पेढा तोंडात कोंबला होता.

आता सुमनबाईंचं सोंग पुरे. बिचाऱ्या सुमनबाईंचा नवरा जिवंत आहे, तब्येतीनं ठणठणीत आहे, आणि त्याला हे कळलं तर माझी धडगत नाही. प्रश्न माझा होता. तू ओळखलं नाहीस, ह्याचं मला नवल वाटतं. प्रबंध लिहायला बसलास आणि घरातलं अक्षर वाचता येईना. कोवळ्या गवताबद्दल मात्र तुझे आभार. सत्तेचाळिसाव्या वर्षी कोणी मला कोवळं म्हणेल असं वाटलं नव्हतं.

रागावले नाही. पण एक विचारते. तू लिहिलंस, इच्छा म्हणजे तहान, आग, चिकटा, चकवा. असेल. पण आपल्याकडे एक शब्द आहे, जीव लावणं. शेळीला लावतो, पोराला लावतो. तुला गोवर झाला तेव्हा मी भिंतीला टेकून बसायची आणि तू माझ्या पदराची गाठ मुठीत धरून झोपायचास. तो चिकटा होता का? त्याला तुझ्या लुआंग पोंकडे काय नाव आहे, ते विचारून कळव. आणि चाय थंड ठेवायची म्हणतोस, पण थंड झालेली चाय पितं कोण?

आता मला सांग. त्यांना परत 'नाही' म्हणायचं तर सरळ मराठीत म्हणावं लागेल. ते माझ्यानं होईल असं वाटत नाही. आणि गप्प राहिले तर माझं लग्न एका चुकीच्या शब्दावर लागेल. मी काय करू?

तुझी,
आत्या

ता. क. रोजच्या वाटेवर चुकणाऱ्यानं दुसऱ्यांना वाट दाखवू नये.


बँकॉक, ११ ऑक्टोबर १९९३

आत्या,

तुझं पत्र काल आलं. त्याआधी दहा दिवस मी काय केलं ते सांगता येत नाही. इथल्या पेपरात भूकंपाची बातमी होती, 'महाराष्ट्र, हजारो मृत', आणि मराठवाड्याचा एवढासा नकाशा. त्यात मानवत नव्हतंच. ट्रंक कॉल लागेना. मग दिल्लीहून आलेल्या एका भिक्खूंनी सांगितलं, लातूरकडे आहे, परभणी वाचली. त्यावर किती विश्वास ठेवायचा ते कळेना. आणि काल तुझं पाकीट आलं. वरची तारीख भूकंपाच्या आधीची. पेढे, मासे, कस्तुराबाई, सगळं वाचलं, हसलो, आणि हसता हसता मनात येत होतं की हे लिहिणारी आहे की नाही. दोन ओळी लगेच टाक.

लुआंग पो मला बघत होते. मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. तन्हा शब्दाचं काय झालं ते ऐकून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी विचारलं, ''तो माणूस मासे स्वतः साफ करून आणतो का?'' मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, ''महत्त्वाचं तेच विचारायचं राहिलं तुझं.''

मग म्हणाले, तहान हे दुःख आहे असं बुद्धांनी सांगितलं. तहानलेल्याला पाणी देऊ नका असं कुठं सांगितलं आहे? इथे खेड्यातल्या जुन्या घरांपुढे वाटसरूंसाठी पाण्याचा माठ असतो, त्याच्याशेजारी प्रवचन नसतं. आणि तुझ्या जीव लावण्याला इथे शब्द आहे: 'नाम-चाय'. नाम म्हणजे पाणी. मनाचं पाणी. जो दुसऱ्याचं न सांगता करतो त्याला म्हणतात, ह्याच्याकडे मनाचं पाणी आहे. एवढे महिने मी तहानेचे शब्द गोळा करत होतो आणि पाण्याचा शब्द माझ्या वहीत नव्हता.

मी चुकलो, आत्या. मला तू दिसली नाहीस, कारण मला वाटायचं तुला काही नकोच असतं. तू नेहमी तशीच वागलीस.

तू 'नाही' म्हणू नकोस. पण मी सांगतो म्हणून 'हो'सुद्धा म्हणू नकोस.

तुझा,
प्रसेनजित


मानवत, २६ ऑक्टोबर १९९३

चि. जित्या,

मी आहे. शाळेच्या एका भिंतीला चीर गेली, बाकी सगळे सुखरूप. किल्लारीकडे काय झालं ते लिहवत नाही. आम्ही शिक्षकांनी भाकऱ्या आणि कपडे गोळा करून ट्रक पाठवला. दसऱ्याला विहारात धम्मचक्र दिन झाला, पण ह्या वर्षी कोणी ढोल लावला नाही.

भूकंपाच्या दिवशी दुपारीच भगवानराव आले. रविवार नव्हता. धरणाला काय झालं ते बघून, जी मिळेल ती गाडी धरून. दारात उभे राहिले, मला बघितलं, घराच्या भिंती हातानं ठोकून पाहिल्या आणि म्हणाले, ''ही मागची भिंत कच्ची हाय. तिच्याखाली निजू नका.'' पाणी प्यायले आणि परत गेले. लग्नाचं अक्षर काढलं नाही.

तुझ्या लुआंग पोंना सांग, मासे ते स्वतः साफ करून आणतात. खवलंसुद्धा ठेवत नाहीत.

तू लिहिलंस, मला काही नकोच असतं असं तुला वाटायचं. हे वाचून मी थोडी रडले आणि मग मला राग आला. तुझा नाही, माझाच. मी तसंच दाखवलं. मास्तरीण, विधवा, आत्या. तिन्ही कामं न मागण्याची.

आता ऐक. मला भगवानराव हवे आहेत. हे मी मराठीत लिहिलं आहे आणि दोनदा वाचून पाहिलं आहे. पण चुकीनं ऐकलेल्या शब्दावर मी त्यांच्या घरी जाणार नाही. उद्या भांडण झालं तर मनात येईल, ह्या माणसाला मी नकार दिला होता आणि त्याला ते ठाऊकही नाही. मी त्यांना खरं सांगणार. मग ते उठून गेले तर गेले.

मागच्या दोन रविवारी सांगायला गेले. पहिल्यांदा ते मला रिटायरमेंटला मिळणाऱ्या घड्याळाचं चित्र दाखवायला लागले. दुसऱ्यांदा मी ''भगवानराव, त्या दिवशी मी तन्हा म्हटलं...'' एवढं बोलले, तर ते लगेच म्हणाले, ''बाई, त्यो शबद मी काळजात ठिवलाय.'' आता काळजात ठेवलेल्या शब्दाचा अर्थ दुरुस्त कसा करायचा? शाळेत इतकी वर्षं शुद्धलेखन तपासलं, पण ही लाल शाई माझ्या हातून उमटेना.

दुसरी अडचण आहे, ती तुला सांगते. तुझे आतोबा किशनराव गेले, पण मी त्यांच्या नावानं आहे. शाळेत, बँकेत, दारावरच्या पाटीवर. लग्न केलं तर लोक ते नाव पुसायला सांगतील. त्या माणसानं माझं काही वाईट केलं नाही, मी त्याचं नाव का पुसू? भगवानरावांना हे विचारायची छाती होत नाही.

फडकेवालीचं काय? 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' असं लिहिणार होते, पण तू कोरडा दिसत नाहीस.

तुझी,
आत्या


बँकॉक, १८ नोव्हेंबर १९९३

प्रिय आत्या,

कार्डावर जागा कमी आहे. वर्षावास संपला, चीवर उतरवलं. भुवया परत येत आहेत, खाज सुटते. मी आता 'सुक'.

काल ग्रंथालयात गेलो. मलीनं पुस्तक हातात दिलं. फडकं नव्हतं. कोणतं पुस्तक ते विचारू नकोस, मी अजून नाव वाचलेलं नाही.

सांगितलंस का त्यांना?

प्रसेनजित


मानवत, १९ जानेवारी १९९४

चि. जित्या,

तीन महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं एकच होतं आणि ते होत नव्हतं.

१४ तारखेला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, ते तुझ्या कानावर आलंच असेल. संक्रांतीचा दिवस. विहारात माणूस मावेना. सटवाजी रडत होते. अठ्ठ्याहत्तरात त्यांचं गावाकडचं घर ह्याच नावापायी जाळलं होतं. किशनराव ह्याच नावासाठी तुरुंगात गेले होते, त्यांना हा दिवस बघायला मिळाला नाही. मी कोपऱ्यात बसून त्यांच्याशी मनातल्या मनात बोलत होते.

तेवढ्यात तरुण पोरांचा वाद सुरू झाला. नामांतर मागितलं होतं, दिलं नामविस्तार. 'मराठवाडा' तसंच ठेवून पुढं नाव जोडलं. कोणी म्हणे फसवलं, कोणी म्हणे मिळालं ते घ्या. सोळा वर्षं लागली त्याला. भगवानराव ऐकत होते. बाहेर आलो तेव्हा मला म्हणाले, ''बाई, एक बोलू? तुमी किशनरावाचं नाव पुसू नका. एवढं भांडण हून सरकारला बी जुनं नाव पुसवलं न्हाई, मी कोन पुसनारा? पायजे तर माझं म्होरं जोडा. लांब हुतंय, पर हुंद्या.''

मी विचारलं नव्हतं. त्यांनी आपणहून सांगितलं. ह्यालाच तुझे गुरुजी मनाचं पाणी म्हणत असतील तर ते शिकायला बँकॉकला जायची गरज नव्हती.

१६ तारखेला, कमिटीनं आधीच धरलेल्या रविवारी, विहारात लग्न झालं. पांढरं लुगडं नेसले. भगवानरावांच्या दोन्ही मुली आल्या होत्या. धाकटी मला आई म्हणाली आणि मग बावरून बाई म्हणाली. मी म्हटलं, दोन्ही चालेल. कस्तुराबाईनं तुझा मोठा केलेला फोटो आणून समोर ठेवला होता. कमिटीनं पैसे आधीच दिले होते, वाया का जाऊ द्यायचा? खाली अजून 'भन्ते'च आहे. तुझ्यापुढं दोघांनी हात जोडले, तेव्हा तू आता आम्हाला आशीर्वाद दिलेला आहेस, नंतर फिरवू नकोस.

पण त्याआधीचं सांगते. वंदनेला बसायच्या आधी मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं आता नाही सांगितलं तर कधीच नाही. ''भगवानराव,'' मी म्हणाले, ''तुम्हाला वाईट वाटेल, तरी ऐका. त्या दिवशी मी तन्हा म्हणाले, ते उर्दू नव्हतं. ते पाली होतं. मी तुम्हाला नाही म्हणाले होते.''

त्यांनी टोपी नीट केली. मग हळू आवाजात म्हणाले, ''ठावं हाय मला.''

''ठावं हाय म्हणजे?''

''बाई, धा वर्सं झाली मी वंदना म्हनायलोय. धम्माची पुस्तकं वाचायलोय. तण्हा मला कळंना व्हय? तुमी न्हाई म्हनलात ते मला तवाच कळलं.''

''मग पेढे कशाला वाटले?''

''पालीत ऐकलं असतं तर माघारी जावं लागलं असतं. आन् न्हाई म्हनताना तुमी माझ्याकडं बघंना गेलात. म्हनलं, आज उर्दूत ऐकावं. खरंच न्हाई म्हनायचं असतं तर तुमी मराठीत बोलला असता. मी रोज वाट बघत व्हतो, कवा मराठीत न्हाई म्हनताव. तुमी म्हनलाच न्हाईत.''

जित्या, चार महिने मी ह्या माणसाला फसवल्याचं ओझं वाहत होते, आणि तो मला फसवत दर रविवारी मासे साफ करत होता. आत भन्ते हाका मारत होते. मी म्हटलं, ''मग आता मराठीत सांगते, नीट ऐका.'' आणि सांगितलं. काय सांगितलं ते तुला कशाला?

तुझी आत्या,
चांगुणा किशनराव खंदारे-तुपसमुंदरे